ज्याचा डाव सर्वांना ठाऊक होता

मे २००३. साओ पावलो येथे एडीसीसीची स्पर्धा भरली आहे; इथे ठोसे-लाथा नाहीत, फक्त पकडी घालून प्रतिस्पर्ध्याला शरण आणायचे. अबुधाबीच्या राजघराण्याच्या पुढाकाराने १९९८ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत गी, म्हणजे ज्युदोसारखा जाड सुती पोशाख, सहसा घालत नाहीत. त्यामुळे धरायला कॉलर नाही, बाही नाही, फक्त घामाने निसटते अंग. ७७ किलोखालील गटात विसाव्या वर्षीचा एक मुलगा ऐन वेळी बदली स्पर्धक म्हणून उतरला होता आणि त्याच्यासमोर व्हितोर रिबेरो ऊर्फ शाओलिन हा नावाजलेला जगज्जेता उभा होता. लढत सुरू झाली, मुलाने शाओलिनचा हात ओढला, तो पाठीमागे पोहोचला आणि मिनिटभराच्या आत शाओलिन बेशुद्ध होऊन मॅटवर पडला. त्या स्पर्धेचे सुवर्णपदक त्या मुलानेच जिंकले. त्याचे नाव मार्सेलो गार्सिया.

मार्सेलोचा जन्म १७ जानेवारी १९८३ रोजी ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातील फोर्मिगा या छोट्या शहरात झाला. लहानपणी ज्युदो, मग जिऊ-जित्सू हा जमिनीवरच्या पकडींचा कुस्तीसारखा प्रकार, आणि किशोरवयातच सरावासाठी घर सोडणे, असा हा प्रवास अखेर साओ पावलोत फाबियो गुर्जेल यांच्या अलायन्स अकादमीत येऊन थांबला. ब्लॅक बेल्ट त्याला गुर्जेल यांनीच बांधला.

शाओलिनवर चाललेला तो डाव जवळून पाहण्यासारखा आहे. प्रतिस्पर्ध्याचा दंड आतल्या बाजूने पकडून आडवा ओढायचा, आणि त्याचा खांदा जरासा वळला की त्या फटीतून स्वतः त्याच्या मागे सरकायचे. यालाच आर्म ड्रॅग म्हणतात. मागे गेल्यावर एक हात खांद्यावरून, दुसरा विरुद्ध बाजूच्या काखेखालून, आणि दोन्ही हातांची गाठ छातीवर. मोटारीतील पट्ट्यासारखी तिरकी बसते म्हणून या पकडीचे नाव सीटबेल्ट. मग दोन्ही टाचा मांड्यांच्या आत रुतवायच्या. जिऊ-जित्सूच्या जागतिक स्पर्धेत एवढ्यावर चार गुण मिळतात, पण मार्सेलोच्या दृष्टीने गुण हा वाटेतला थांबा होता. त्याचा हात गळ्याकडे सरकत राहायचा. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की काही सेकंदांत शुद्ध हरपते, आणि तिथे दंडाची ताकद कामी येत नाही. सांधे पिरगळण्यापेक्षा गळा आवळण्यावर त्याने भर का दिला, याचे उत्तर मला यातच दिसते: बलदंड माणूस आपला हात सोडवून घेऊ शकतो, मान मात्र कितीही जाड असली तरी मानच असते.

उभ्या प्रतिस्पर्ध्याच्या पायांखाली शिरून, आपल्या दोन्ही पायांची फुली त्याच्या एका पायाभोवती अडकवून त्याचा तोल घालवण्याचा एक्स-गार्ड हा प्रकारही मार्सेलोमुळेच जगभर पोहोचला. तो त्याने शोधून काढला, असे म्हणणे बरोबर होणार नाही; पण मोठ्या स्पर्धांत तो चालतो, हे त्याने दाखवून दिले. वजनाचे बंधन नसलेल्या खुल्या गटातही तो उतरत असे. यूएफसी या मिश्र युद्धकलेच्या (ठोसे, लाथा आणि पकडी सारे चालणाऱ्या) स्पर्धेचा माजी हेवीवेट विजेता रिको रोड्रिगेज याला त्याने एडीसीसीत शरण आणले. २००७ साली तो खुल्या गटाच्या अंतिम फेरीत पोहोचला, मात्र तिथे त्याच्यापेक्षा कितीतरी जड असलेल्या रॉबर्ट ड्रायस्डेलने त्याचाच गळा आवळून त्याला हरवले.

एडीसीसीची सुवर्णपदके २००३, २००५, २००७ आणि २०११ सालची. मधल्या २००९ साली बार्सिलोनात पाब्लो पोपोव्हिचने त्याला अंतिम फेरीत रोखले. गीसह होणाऱ्या जागतिक स्पर्धेत तो २००४, २००६, २००९, २०१० आणि २०११ असा पाच वेळा विजेता ठरला. मिश्र युद्धकलेत मात्र तो रमला नाही. २००७ साली दक्षिण कोरियात जखमेमुळे लढत थांबवली गेली, आणि त्या वाटेला तो पुन्हा गेला नाही.

पुढे न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनला त्याने स्वतःची अकादमी उघडली आणि तिथे एक विलक्षण गोष्ट केली. बुद्धिबळपटू जोश वेट्झकिन याच्या साथीने त्याने आपल्या रोजच्या सरावाचे चित्रीकरण इंटरनेटवर उपलब्ध करून दिले. स्पर्धा तोंडावर आलेली असतानाही तो कोणत्या पकडीवर मेहनत घेत आहे, कोणता डाव कुठे फसतो आहे, हे वर्गणी भरणाऱ्या कोणालाही, अगदी उद्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही, दिसत होते. वरवर पाहता हा वेडेपणाच होता. पण त्याचा अभ्यास करून येणारा प्रतिस्पर्धी अखेर त्याच्याच अंगणात खेळायला येणार होता, आणि त्या अंगणाचा कानाकोपरा मार्सेलोला पाठ होता.

प्रशिक्षक म्हणून तो खोलीच्या कडेला उभा राहून सूचना देणाऱ्यांपैकी नव्हता. विद्यार्थ्यांबरोबर तो रोज स्वतः मॅटवर उतरत असे. त्याच्या हाताखाली सराव केलेल्या बर्नार्डो फारियाने २०१५ साली जागतिक स्पर्धेत आपला वजनगट आणि खुला गट, दोन्ही जिंकले. माथेउस दिनीझ २०१९ साली ८८ किलोखालील गटात एडीसीसीचा विजेता झाला.

२०२३ साली मार्सेलोला पोटाचा कर्करोग असल्याचे जाहीर झाले. केमोथेरपी झाली, शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर २४ जानेवारी २०२५ रोजी, बेचाळिसावा वाढदिवस होऊन एकच आठवडा लोटला असताना, तो बँकॉकमध्ये पुन्हा स्पर्धेत उतरला. समोर जपानचा मासाकाझु इमानारी होता, ज्याच्या पायांवरच्या हल्ल्यांना भलेभले बिचकतात. मार्सेलोने त्याला खाली दाबले, त्याच्या डोक्याच्या बाजूने उलट्या दिशेने वळून छातीचा भार त्याच्यावर टाकला आणि हात गळ्याखाली नेला. नॉर्थ-साउथ चोक या नावाचा हा डाव तो कित्येक वर्षे कॅमेऱ्यासमोर सावकाश, बारकाव्यांसह शिकवत आला होता. इमानारीने टॅप केले, म्हणजे हाताने थोपटून हार मानली.