गेम बनवणाऱ्याची पहिली कमाई

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी एका मुलीने मला दारातच गाठलं. वय सतरा. सहा-सात महिने झाले, गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे इंजिनवर, गेम बनवायला शिकतेय. तिने थेट विचारलं, "सर, यातून पैसे कधी मिळायला लागतात?" मला तो प्रश्न फार आवडला. पुष्कळ मुलं हा प्रश्न मनात ठेवतात आणि 'मी आवड म्हणून करतो' एवढंच सांगतात. आवड असतेच, पण रात्र-रात्र बसून केलेल्या कामाचं मोल मिळावं असं वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही.

मी तिला विचारलं, "आतापर्यंत पुरं काय केलंस?" तिने लॅपटॉप उघडून दाखवला. सात फोल्डर होते. एकात शेतीचा गेम, एकात अंतराळातली लढाई, एकात भुताचा वाडा. सातही सुरू केलेले आणि सातही अर्ध्यावर सोडलेले. आज मी जे बोलणार आहे ते खरं तर त्या सात फोल्डरांबद्दलच आहे.

आपल्या कानावर आधी येतात त्या मोठ्या यशाच्या गोष्टी. दोंग न्गुयेन नावाच्या व्हिएतनामी तरुणाने एकट्याने केलेला 'फ्लॅपी बर्ड' मे २०१३ मध्ये आला. काही महिने त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि मग २०१४ च्या सुरुवातीला तो असा उसळला की जाहिरातींतून दिवसाला ५०,००० डॉलर मिळत असल्याचं त्याने मुलाखतीत सांगितलं. फेब्रुवारीत त्याने स्वतःच तो काढून टाकला. एरिक बॅरोनने 'स्टारड्यू व्हॅली' साडेचार वर्षं एकट्याने घडवला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोडही त्याचाच. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो विकायला येईपर्यंत त्याचं घर जोडीदाराच्या पगारावर आणि थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवण्याच्या त्याच्या अर्धवेळ नोकरीवर चाललं. या गोष्टी खऱ्या आहेत. मला त्या सांगायलाही आवडतात. पण शिकणाऱ्याने त्यांतून कमाईचा हिशेब मांडू नये. पहिल्यात नशिबाचा वाटा मोठा आहे, आणि दुसऱ्यात साडेचार वर्षं गेममधून एका पैशाची आवक नाही.

नवशिक्याची पहिली कमाई बहुतेक वेळा स्वतःच्या गेममधून होत नाही. ती दुसऱ्याच्या गेमच्या एखाद्या तुकड्यातून होते. गेम म्हणजे शेकडो छोट्या कामांची गाठोडी. धावणारं पात्र, उघडणारी पेटी, पावलांचा आवाज, सेव्ह होणारा डाव, बटणांचा मेनू. जगभर हजारो जण गेम बनवतायत आणि त्यांतल्या प्रत्येकाला यातलं काहीतरी जमत नाही, किंवा करायला वेळ नाही. त्यातलं एक काम तुम्हाला नीट, शेवटपर्यंत करता आलं की विकायला माल तयार झाला.

एक अगदी लहान उदाहरण देतो. एखाद्याने उड्या मारत पुढे जायचा गेम, म्हणजे प्लॅटफॉर्मर, केलाय आणि खेळणारे तक्रार करतात, 'बटण दाबलं तरी उडी लागत नाही.' तो कोड दहा वेळा तपासतो, चूक सापडत नाही, कारण कोडमध्ये चूक नसतेच. पात्र कड्यावरून धावत येतं, खेळणारा अगदी शेवटच्या क्षणी बटण दाबतो, पण तोवर पात्राचे पाय कडा सोडून दोन-तीन फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी दोन-तीन चित्रं, पुढे गेलेले असतात. 'जमिनीवर आहे का?' असं कोड विचारतो, उत्तर 'नाही' येतं आणि उडी नाकारली जाते. खेळणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र आपण कड्यावरच होतो असं दिसलेलं असतं. उपाय सोपा आहे. जमीन सुटल्यावरही साधारण दशांश सेकंद, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम असतील तर सहा फ्रेम, उडी मारायची मुभा ठेवायची. याला 'कायोटी टाइम' म्हणतात. दुसरी बाजूही तशीच. जमिनीवर टेकण्याच्या जरासं आधी बटण दाबलं असेल तर ते लक्षात ठेवायचं आणि टेकल्याबरोबर उडी द्यायची. दोन टायमर, पंचवीस-तीस ओळी. 'सेलेस्ट' हा उड्यांचा गेम खेळताना हात इतका मोकळा वाटतो, त्यामागे अशाच सवलती आहेत.

हे काम एका संध्याकाळी होतं आणि गिऱ्हाइकाला फरक ताबडतोब बोटांत जाणवतो. असा दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा वीस सेकंदांचा व्हिडिओ तुमच्या पोर्टफोलिओत असला, तर 'मला सगळं येतं' या वाक्यापेक्षा तो जास्त कामं आणतो. फ्रीलान्सिंगच्या साइटवर 'गेम बनवून देतो' असं लिहिणारे ढिगाने आहेत. 'तुमच्या प्लॅटफॉर्मर गेममधली हालचाल सुधारून देतो' असं लिहिणारे मोजके आहेत. अशा साइट आपला वाटा कापतात, फायव्हर २० टक्के घेतं. तो हिशेब धरूनच भाव सांगा.

चित्र काढता येत असेल तर असेट पॅक, म्हणजे गेममध्ये वापरायच्या तयार चित्रांचा संच, हा दुसरा चांगला मार्ग. इथे मुलं एक चूक हमखास करतात. एक देखणी तलवार काढून विकायला ठेवतात. घेणाऱ्याला संच हवा असतो. पेटी हवी तर बंद पेटी, उघडताना चार फ्रेम, उघडलेली रिकामी, उघडलेली भरलेली. पात्र हवं तर चारही दिशांना चालणारं. सगळं एकाच मापात, १६ बाय १६ किंवा ३२ बाय ३२ पिक्सेल, मागची बाजू पारदर्शक, फायलींची नावं अशी की न उघडता आत काय आहे ते कळावं. आणि या चित्रांनी सजवलेली गेमची एक खोली नमुन्याला. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' हा गेम आठवा. तो बनवणाऱ्या लुका गालान्तेने सुरुवातीला त्यात विकतचा असेट पॅक वापरला होता, आणि २०२३ मध्ये त्याच गेमला बाफ्टाचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार मिळाला. म्हणजे कुणीतरी शांतपणे बसून काढलेली ती चित्रं कुठवर गेली पाहा!

विक्रीचा वाटा जागेप्रमाणे बदलतो. युनिटी असेट स्टोअर बनवणाऱ्याला ७० टक्के देतं, एपिक कंपनीचं फॅब हे दुकान ८८ टक्के. इच.आयओ या गेम आणि असेट विकायच्या साइटवर साइटला किती द्यायचं ते विकणारा स्वतः ठरवतो, ठरवलं नाही तर १० टक्के जातात. संवादांची किंवा इन्व्हेंटरीची, म्हणजे खेळाडूजवळच्या वस्तू ठेवायच्या पिशवीची, तयार सिस्टीम अशी कोडची साधनंही याच जागी विकली जातात. त्यात एक जबाबदारी असते. इंजिनची नवी आवृत्ती आली की जुनं साधन मोडतं, घेणारे पत्रं पाठवतात आणि तुम्हाला बसून ते दुरुस्त करावं लागतं.

आता माझ्या बाबतीत घडलेलं सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांपुढे ही वेळ येणार आहे. मी नवा असताना एका टीमने मला बोलावलं. 'आत्ता पैसे नाहीत, गेम चालला की वाटा देऊ.' मी पाच महिने शत्रूंच्या हालचालींचा कोड लिहिला. गेम बाजारात आलाच नाही, एक दिवस ग्रुप बंद झाला. लेखी काही नव्हतं, त्यामुळे तो कोड माझा की त्यांचा हेही मला सांगता येईना, आणि पोर्टफोलिओत दाखवायची सोय राहिली नाही. मला आजही त्या पाच महिन्यांचं वाईट वाटतं. म्हणून सांगतो, वाट्यावर काम करायचंच असेल तर दोन-तीन आठवड्यांचं करा, त्याहून मोठं नको. पैशांचं काम असेल तर आधी लिहून घ्या: काय द्यायचं, कधी द्यायचं, किती वेळा बदल करून मिळतील, काम स्वतःच्या नावाने दाखवता येईल का. थोडी रक्कम आगाऊ मागा. मागताना संकोच वाटेल, तरी मागा. ज्याला खरंच काम करून घ्यायचंय तो यावर रागावत नाही.

पण ओळख नसताना काम देणार कोण? त्यासाठी गेम जॅम. दोन दिवस, तीन दिवस, कधी आठवडा, ठरलेल्या विषयावर गेम करून दाखवायचा. लुडम डेअर २००२ पासून चालू आहे, ग्लोबल गेम जॅम २००९ पासून, आणि इच.आयओवर तर एकाच वेळी कितीतरी जॅम सुरू असतात. जॅममध्ये बक्षिसाचे पैसे बहुधा नसतात. तरीही मी त्यांना कमाईच्या वाटेवरच धरतो. तिथे शेवटची तारीख तुमच्या हातात नसते, त्यामुळे गेम पुरा होतो. शिवाय चित्र काढणारे, संगीत करणारे भेटतात, आणि पुढची कामं याच ओळखींतून येतात. 'सेलेस्ट' हा आधी २०१५ मध्ये चार दिवसांत केलेला छोटासा गेम होता. मोठा अवतार २०१८ मध्ये आला.

स्वतःचा गेम विकायचा विचार यानंतर. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात. गेमने १००० डॉलरची विक्री केली की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून ३० दिवस प्रकाशित करता येत नाही, आणि 'लवकरच येत आहे' असं पान किमान दोन आठवडे लावून ठेवावं लागतं. मी तर म्हणेन, कित्येक महिने आधी लावा. पानावर येणारे गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे 'घ्यायचाय' अशा आपल्या यादीत, टाकतात, आणि गेम आला की स्टीम त्यांना ईमेल पाठवतं. ते पान म्हणजे तुमची पेरणी. समजा, ५ डॉलरच्या गेमच्या १००० प्रती गेल्या. हातात ५००० येत नाहीत. स्टीमचे ३० टक्के वजा जाता ३५०० उरतात. त्यातून काही देशांतला कर जातो, सवलतीत विकलेल्या प्रती स्वस्तात गेलेल्या असतात, आणि १४ दिवसांच्या आत व दोन तासांहून कमी खेळून गेम परत करणाऱ्यांचे पैसे द्यावे लागतात. हे ऐकून दचकू नका. आकडा आधी माहीत असला की त्या मानाने गेम किती मोठा करायचा ते ठरवता येतं. हजार प्रतींच्या अपेक्षेवर तीन वर्षं घालू नयेत, तीन महिने घालावेत.

मोबाइलबद्दल थोडंच बोलतो. गूगल प्लेची नोंदणी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९. गूगलवर नवं वैयक्तिक खातं असेल तर आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. जाहिरातींचं गणित पाहा. समजा, हजार जाहिराती दिसल्या की २ डॉलर मिळतात. रोज ५० जण खेळतात, प्रत्येकाला चार जाहिराती दिसतात. दिवसाला २०० जाहिराती, म्हणजे ४० सेंट. गूगलची जाहिरात सेवा ॲडमॉब १०० डॉलर साठल्यावरच पैसे पाठवतं. त्याला २५० दिवस लागतील. आणि कृपा करून आपल्याच जाहिरातींवर बोट मारू नका, मित्रांनाही सांगू नका. खातं बंद होतं आणि साठलेलंही जातं.

रोब्लॉक्स या गेम बनवायच्या आणि खेळायच्या साइटवर खेळणारे आयतेच असतात, हा मोठा फायदा. गेम पास, म्हणजे गेममधली एखादी खास सोय, विकला की बनवणाऱ्याला ७० टक्के रोबक्स, म्हणजे तिथलं चलन, मिळतात. पण रोबक्सचे पैसे करायला वय किमान तेरा आणि कमावलेले ३०,००० रोबक्स लागतात, आणि त्याचे येतात शंभर डॉलरच्या थोडे वर. खेळणाऱ्याने खर्चलेल्या पैशांतला बराच भाग वाटेतच राहतो, हे समजून घेऊन उतरा.

अठरा पूर्ण नसलेल्यांनी पैशांची खाती पालकांच्या साथीने उघडावीत. खोटं वय टाकून उघडलेलं खातं नेमकं पैसे काढायच्या वेळी अडकतं. दुसऱ्याची चित्रं, आवाज वापरताना परवाना वाचा. सीसी शून्य, म्हणजे कुणालाही कशासाठीही वापरायची मुभा, असेल तर निर्धास्त वापरा. प्रसिद्ध गेममधलं पात्र घेऊन केलेला गेम शिकण्यासाठी छान, विकण्यासाठी नाही.

आता त्या सात फोल्डरांकडे येतो. मी ते तिच्याबरोबर बसून पाहिले. शेतीच्या गेममध्ये शेत नाहीये, गावही नाहीये, पण इन्व्हेंटरी आहे. वस्तू ओढून एका चौकटीतून दुसरीत टाकता येतात, सारख्या वस्तूंची आपोआप चळत होते, चळतीचे दोन भाग करता येतात. कोड स्वच्छ आहे. हे विकता येईल, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण तिच्या नजरेत तो अर्धवट राहिलेला शेतीचा गेम होता. एक बग मात्र सापडला. वस्तू ओढत गेमच्या खिडकीच्या बाहेर सोडली की ती गायब होते, परत येत नाही. आधी तो काढ, असं मी तिला सांगितलंय. मग वापरायचं कसं ते एका पानावर लिही आणि इच.आयओवर ठेव. ती आत्ता मागच्या रांगेत बसली आहे, आणि लॅपटॉप उघडाच दिसतोय.