गाणं ऐकताना आठवण कुणाची ठेवायची?

श्रोतेहो, नमस्कार.

कलावंत माणूस म्हणून कसा वागला, याचा त्याच्या कलेच्या आस्वादाशी काही संबंध असावा का, यावर आज बोलणार आहे. ज्या रेडिओवरून बोलते आहे, त्या रेडिओनं एके काळी या प्रश्नाचं उत्तर हुकूम काढूनच देऊन टाकलं होतं. स्वातंत्र्याच्या आगेमागे माहिती आणि नभोवाणी खातं सरदार पटेलांकडे होतं. ज्यांचं खासगी आयुष्य लोकांत बदनाम आहे, अशांना रेडिओवर बोलवायचं नाही, असं तेव्हा ठरलं. शब्द सगळ्यांना सारखेच लागू होते, पण रोख होता तो गाणाऱ्या बायकांवर. ज्यांनी ठुमरी-दादरा पिढ्यान् पिढ्या सांभाळला, ज्यांच्या आवाजावर सुरुवातीचा ग्रामोफोनचा धंदा उभा राहिला, त्यांना आता आपण घरंदाज आहोत हे पटवून द्यावं लागणार होतं.

या बायकांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? कुणाला मारलं नव्हतं, कुणाला फसवलं नव्हतं. ज्या घरात जन्मल्या तिथे लग्न हा रिवाज नव्हता, एवढाच त्यांचा दोष. त्यांच्या बैठकींना जाणाऱ्या शेठ-सावकारांना मात्र चारित्र्याचा दाखला कुणी मागितला नाही.

मुंबईला हे नवं नाही. गोव्याहून इथे आलेल्या ‘कलावंत’ घराण्यांतल्या, म्हणजे गाणं हाच पिढीजात पेशा असलेल्या घरांतल्या बायकांनी या शहराला गाणं दिलं. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघीही अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत घालून अंतराळात पाठवली गेली. आणि मोगूबाईंना मैफलींच्या निमित्तानं कशी अपमानाची वागणूक मिळायची, याबद्दल त्यांच्या गायिका कन्या किशोरीताई आमोणकर पुढे मुलाखतींतून बोलल्या. किशोरीताई आयोजकांशी कडक वागतात, अशी कुरकूर मुंबईत खूप झाली. मला त्या कडकपणात आईचा हिशेब चुकता करणारी लेक दिसते.

हे सगळं सांगण्याचं कारण असं, की ‘कलावंताचं वर्तन’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतो. एक, समाजाला न रुचणारं जगणं. दुसरी, दुसऱ्या माणसाला केलेली इजा. पहिलीचा कलेच्या आस्वादाशी काडीचाही संबंध नाही, असं माझं ठाम मत आहे. कुणी लग्न केलं नाही, कुणी दोनदा मोडलं, कुणी दारू प्यायलं, कुणी देव मानला नाही, हा श्रोत्यांचा विषयच नाही. दुसरीचा संबंध मात्र आहे, आणि नसल्याचं सोंग आपण आणू नये. आपल्याकडे झालं ते नेमकं उलटं. पहिल्या गोष्टीसाठी बायकांना दाराबाहेर ठेवलं आणि दुसऱ्या गोष्टीसाठी पुरुषांना ‘अहो, प्रतिभावंत आहे, चालायचंच’ म्हणून माफ केलं.

आता इजेचं उदाहरण घेऊ. तेही रेडिओचंच आहे. लंडनमध्ये बीबीसीच्या ब्रॉडकास्टिंग हाउसच्या दर्शनी भिंतीवर एरिक गिल नावाच्या शिल्पकाराचं शिल्प आहे. गिल 1940 साली वारला. 1989 मध्ये त्याचं चरित्र आलं आणि त्याच्याच रोजनिशीतून उघड झालं, की त्यानं स्वतःच्या मुलींवर लैंगिक अत्याचार केले होते. जानेवारी 2022 मध्ये एक माणूस शिडी लावून चढला आणि त्या शिल्पावर हातोडा चालवू लागला. शिल्पं फोडणं मला मान्य नाही. पण या माणसाच्या कामाकडे बघताना एक गोष्ट लक्षात येते. त्यानं 1928 च्या सुमाराला ‘गिल सॅन्स’ ही इंग्रजी अक्षरांची घडण केली. जगभर ती वापरली जाते, बीबीसीच्या बोधचिन्हातही होती. त्या अक्षरांत कुणाची वेदना नाही, ती मी निर्धास्त वाचते. त्याच गिलनं आपल्या मुलीची चित्रंही काढली आहेत. ती बघताना रेषेचं कौतुक करायला माझी जीभ वळत नाही, कारण ज्या मुलीला इजा झाली तीच कागदावर आहे. तिला बाजूला सारून नुसती रेषा बघ, असं कुणी म्हणालं, तर तो कलेचा आग्रह नाही. ती त्या मुलीला दुसऱ्यांदा गप्प बसवण्याची सोय आहे.

म्हणजे एकाच माणसाच्या दोन कलाकृतींना माझं उत्तर वेगळं आहे. मला त्यात विसंगती वाटत नाही. इजा कलाकृतीच्या किती जवळ आहे, हे प्रत्येक वेळी बघावंच लागतं.

आपल्याबरोबर कोण बसलं आहे, हेही बघावं लागतं. वाद्यवृंदाचे संचालक झुबिन मेहता मुंबईचे, 1936 सालचा जन्म. 1981 मध्ये तेल अवीवला इस्रायल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या मैफलीच्या शेवटी त्यांनी जर्मन संगीतकार वॅग्नरची रचना वाजवायला घेतली. वॅग्नरनं 1850 साली टोपणनावानं आणि 1869 साली स्वतःच्या नावानं ज्यूंविरुद्ध विखारी निबंध छापला होता, आणि हिटलरच्या काळात त्याच्या संगीताला मोठा मान होता. मेहतांनी आधीच सांगितलं, की ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी खुशाल बाहेर जावं. तरीही सभागृहातला एक कर्मचारी मंचावर आला. नाझींच्या तावडीतून वाचलेला माणूस. त्यानं अंगावरचे व्रण उघडे करून दाखवले. मेहतांची बाजू मला कळते. वॅग्नर 1883 मध्ये मेला होता, त्याच्या स्वरांनी कुणाला मारलं नव्हतं. पण तो माणूसही कळतो. घरी दार लावून ऐकणं वेगळं आणि ज्याच्या अंगावर व्रण आहेत त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवणं वेगळं. सार्वजनिक सभागृहात पहिला मान त्या व्रणांचा, असं मला वाटतं.

हयात कलावंताची गोष्ट आणखी वेगळी. तिथे आपलं तिकीट, आपली टाळी, आपला हार त्याच्या हातात बळ देतो. 2018 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या मामी चित्रपट महोत्सवानं लैंगिक छळाचे आरोप झालेल्यांशी संबंधित काही चित्रपट वगळले, तेव्हा ओरड झाली, की चित्रपट एकट्याचा नसतो. लाइटमन, मेकअप करणारे, कपडेपट सांभाळणारे यांचा काय गुन्हा? प्रश्न खरा आहे. पण महोत्सवात निवड होणं हा सन्मान असतो, आणि सन्मान थांबवला म्हणजे चित्रपट जाळला असं होत नाही. त्यांतले दोन चित्रपट 2020 साली ओटीटीवर आले, लोकांनी पाहिले.

‘कलाकृती बिचारी काय करते?’ असं विचारणाऱ्यांना मला एक विचारायचं आहे. गुरूच्या घरी शिकायला गेलेली मुलगी एके दिवशी तंबोरा गुंडाळून परत येते, पुन्हा गात नाही. घरचे म्हणतात, लग्नाचं वय झालं. शेजारी म्हणतात, गळ्यात दम नव्हता. खरं कारण ती सांगत नाही, कारण गुरूनं शब्द टाकल्याशिवाय मैफल मिळत नाही. तिचं गाणं आपल्याला कधी ऐकायलाच मिळालं नाही. गुरूच्या वागण्याचा कलेवर परिणाम झाला तो तिथे. आस्वादाची चिंता करायची तर या न ऐकलेल्या गाण्याचीही करायला हवी.

म्हणून जीवनगौरव जाहीर करणाऱ्या मुंबईतल्या संस्थांना माझी विनंती आहे: मानपत्र छापण्याआधी त्या कलावंताच्या शिष्यांशी बोला. जे सोडून गेले त्यांच्याशी आधी बोला.

आणि ज्या मुली आत्ता एखाद्या नाटकाच्या तालमीला, नृत्याच्या वर्गाला, डबिंगच्या स्टुडिओत जात आहेत, त्यांच्यासाठी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा मनोरंजनाच्या क्षेत्रालाही लागू आहे. तुम्ही पगारी नोकर असायलाच हवं, अशी अट त्यात नाही. जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. माणसं कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, तेव्हा घटना जिथे घडली त्या जिल्ह्याच्या समितीकडे जायचं. तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. उशिराचं कारण पटण्यासारखं असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. स्वतःला लिहिणं जमत नसेल, तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे.

नमस्कार.