पाठीवरचा बुलडॉग

श्रोतेहो, नमस्कार.

एक जाकीट डोळ्यांसमोर आणा. बिनबाह्यांचं, जाड डेनिमचं नाहीतर चामड्याचं, वर्षानुवर्षं अंगावर वागवून कडक झालेलं. अंगात घालणारा माणूस समोरून आला तर विशेष काही दिसत नाही. तो पाठमोरा झाला की मात्र रस्त्यावरची माणसं बाजूला होतात. पाठीवर वरच्या बाजूला कमानीसारखी शिवलेली नावाची पट्टी, मध्ये दात विचकणारा बुलडॉग, त्याच्या डोक्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांचं पोलादी शिरस्त्राण, आणि खाली आणखी एक पट्टी, गावाची किंवा देशाची. याला तिथे ‘पॅच’ म्हणतात. तो दुकानात विकत मिळत नाही. आधी ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणून उमेदवारी करायची, थोरल्यांची पडेल ती कामं करायची, मार खायचा, द्यायचा, आणि मग एके दिवशी तो पाठीवर चढतो. विरोधी टोळीने तो अंगावरून ओरबाडून नेला, तर त्याहून मोठी नामुष्की नाही.

हा बुलडॉग आहे न्यूझीलंडमधल्या ‘मंग्रेल मॉब’ या टोळीचा. न्यूझीलंड म्हटलं की आपल्याला हिरव्या टेकड्या, मेंढ्या आणि सभ्य क्रिकेटपटू आठवतात. पण जेमतेम 50 लाखांच्या वर वस्तीच्या या देशात पोलिसांच्या टोळी-यादीवरची नावं 2024 मध्ये 9 हजारांच्या पुढे गेली होती. एवढ्याशा देशात इतकी माणसं त्या पॅचपाशी आली कुठून, हे मला आज तुम्हाला सांगायचं आहे.

सुरुवात तशी साधी झाली. 1950च्या दशकात ऑकलंडच्या क्वीन स्ट्रीटवर संध्याकाळी मोटरसायकलींचा ताफा लागायचा. पोरं दुधाचे शेक मिळणाऱ्या दुकानांबाहेर गाड्या उभ्या करून बसायची, म्हणून त्यांना ‘मिल्क बार काउबॉय’ म्हणत. अशा तरुण पोरांवरून देशात गहजब वाढत गेला, आणि 1954 साली सरकारने तरुणांच्या नैतिक घसरणीवर चौकशी समिती बसवली आणि तिचा अहवाल घरोघरी पाठवला. 1961 साली ‘हेल्स एंजल्स’ या अमेरिकन मोटरसायकल टोळीची अमेरिकेबाहेरची पहिली शाखा निघाली, तीही ऑकलंडमध्ये. पुढे क्राइस्टचर्चमध्ये ‘एपिटाफ रायडर्स’ आणि ‘डेव्हिल्स हेंचमेन’ यांची चांगलीच जुंपली. या मोटरसायकलवाल्यांत बहुतेक गोरी पोरं, म्हणजे तिथल्या भाषेत ‘पाकेहा’.

खरी गोष्ट मात्र निराळ्या पोरांची आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत माओरी, म्हणजे न्यूझीलंडचा मूळ रहिवासी समाज, बहुतांशी खेड्यापाड्यांत राहत होता. 1945 साली शहरात राहणारे माओरी चारात एक. युद्धानंतर कारखान्यांना हात हवे होते, सरकारनेही शहराकडे चला म्हणून उत्तेजन दिलं, आणि 1986 पर्यंत हिशेब पार उलटला, पाचातले जवळजवळ चार शहरी झाले. एका पिढीत अख्खा समाज गाव सोडून आला. मागे काय राहिलं? ‘माराए’, म्हणजे गावकीची जागा, जिथे लग्न, मयत, भांडणतंटा सगळं होतं. आणि ‘फानाऊ’. फानाऊ म्हणजे कुटुंब, पण चौकोनी नव्हे. आजी-आजोबा, काका-मावश्या, चुलत-मावस भावंडं, सगळ्यांचं मिळून एक घर, जिथे पोर कुणाच्याही ताटात जेवतं आणि कुणाच्याही हातचा मार खातं. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

शहरात ते घर विखुरलं. आई-बाप पाळीवर, पोरगा शाळा बुडवून रस्त्यावर. दुकानातून काही उचललं, शाळेतून पळाला, किंवा शेजाऱ्याला घर ‘नीट’ वाटलं नाही, एवढ्यावर सरकारी अधिकारी यायचे आणि पोरगा ‘बॉइज होम’मध्ये, म्हणजे मुलांच्या सरकारी गृहात जायचा. 1970च्या दशकात यातल्या कित्येक गृहांत बहुसंख्य मुलं माओरी होती.

आपल्याकडे मस्ती करणाऱ्या पोराला आई सहज म्हणून जाते, “थांब, रिमांड होममध्ये टाकते तुला.” मीही हे वाक्य लहानपणी ऐकलं आहे. एपुनीबद्दल वाचल्यापासून ते कुणाच्या तोंडी आलं की मला अस्वस्थ व्हायला होतं.

एपुनी हे वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधलं मुलांचं गृह. तिथे आलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला आधी ‘सिक्युअर’मध्ये ठेवत. सिक्युअर म्हणजे कुलूपबंद खोली. गुन्हा केला म्हणून नव्हे, नवा आला म्हणून. तिथून बाहेर काढलं की तो पडायचा मोठ्या मुलांच्या तावडीत. त्यांच्यातल्या सगळ्यात दांडग्याला ‘किंगपिन’ म्हणत, आणि बाकीच्यांना वठणीवर ठेवायचं काम कर्मचारी त्याच्यावर सोडून मोकळे होत. मारहाण होती, लैंगिक अत्याचार होते. लेक अ‍ॅलिस नावाच्या मनोरुग्णालयात तर मुलांना शिक्षा म्हणून विजेचे झटके दिले गेले. हे सगळं अधिकृतपणे कबूल व्हायला अर्धं शतक लागलं. देशाच्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, जुलै 2024 मध्ये अहवाल दिला. 1950 ते 2019 या काळात सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या देखरेखीत अंदाजे 2 लाख मुलं आणि असहाय माणसं अत्याचाराला बळी पडली, असं त्याने मांडलं.

या गृहांत मुलं एक गोष्ट पक्की शिकली. बाहेरचा कुणी आपला नाही, शेजारच्या खाटेवरचा तो आपला. सुटका झाल्यावर तीच पोरं एकमेकांना शोधत निघाली. मंग्रेल मॉब आणि ‘ब्लॅक पॉवर’ या दोन सर्वांत मोठ्या टोळ्यांच्या जुन्या पिढीत बॉइज होममधून आलेले इतके आहेत, की टोळीचा इतिहास आणि त्या गृहांचा इतिहास वेगळा करताच येत नाही.

मंग्रेल म्हणजे ज्याच्या जातकुळीचा पत्ता नाही असं कुत्रं. 1960च्या दशकात हॉक्स बे भागातल्या काही पोरांना कोर्टात न्यायाधीशांनी ‘मंग्रेल’ म्हणून हिणवलं आणि पोरांनी तीच शिवी नाव म्हणून घेतली, अशी कथा टोळीत सांगतात. जर्मन शिरस्त्राणही त्याच रागातून आलं. तुम्हाला ज्याची सर्वांत किळस वाटते, तेच आम्ही मिरवणार.

या शिरस्त्राणापाशी मी दर वेळी थांबतो. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनिओ नदीवर, आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी मराठा लाइट इन्फंट्रीत लढताना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्याच मोहिमेत, त्याच नदीवर न्यूझीलंडची डिव्हिजन लढत होती आणि प्रसिद्ध माओरी बटालियन तिचाच भाग होती. ज्यांचे आजे-चुलते त्या शिरस्त्राणांशी लढताना मेले, त्या पोरांनी वीस-पंचवीस वर्षांनी तेच पाठीवर शिवून घेतलं. घरच्या थोरल्यांना ते किती लागलं असेल! आणि ज्यांना ते लागेल याचीही तमा उरली नाही, ती पोरं किती तुटलेली असतील!

ब्लॅक पॉवरचा जन्म 1970च्या सुमाराला वेलिंग्टनचा. रे हॅरिस हा तिचा म्होरक्या. रंग निळा, खूण वळलेली मूठ. मंग्रेल मॉबचा रंग लाल. या दोन रंगांतलं वैर आजही मिटलेलं नाही. या टोळ्यांचे लोक नेहमी मोटरसायकलवरच असतात असंही नाही. पॅचची, चॅप्टरची म्हणजे शाखेची, अध्यक्षाची सगळी रीत मोटरसायकलवाल्यांकडून घेतली, फिरणं मात्र अनेकदा जुन्या मोटारींतून.

माझी सहानुभूती त्या दहा वर्षांच्या पोराला आहे. तो मोठा होऊन जे करत गेला, त्याला नाही. डिसेंबर 1986 मध्ये ऑकलंडच्या अँब्युरी पार्कात मंग्रेल मॉबच्या मेळाव्यात एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. 2007 मध्ये व्हांगानुई शहरात मॉबच्या लोकांनी ब्लॅक पॉवरच्या माणसाच्या घरावर मोटारीतून गोळ्या झाडल्या आणि आत सोफ्यावर असलेली त्याची दोन वर्षांची मुलगी गेली. या टोळ्यांचा सगळ्यात जास्त मार त्यांच्याच बायकांनी आणि मुलांनी खाल्ला आहे. ब्लॅक पॉवरने 1970च्या दशकाच्या अखेरीला बलात्कारावर बंदी घातली. टोळीला तसा नियम करावा लागला, यावरून आधी काय चालत होतं ते समजतं.

वेगळी वाट दिसलीच नव्हती असं नाही. रॉबर्ट मल्डून हे उजव्या विचारांचे, कडक बोलणारे पंतप्रधान. पण 1970च्या दशकात ते ब्लॅक पॉवरच्या पोरांसोबत जाऊन बसले, बिअर प्यायले आणि म्हणाले, कामाला लागा. टोळ्यांना सामूहिक कंत्राटं मिळू लागली. रस्त्याकडेची साफसफाई, झाडं लावणं, रंगकाम. 1992 मध्ये मल्डून गेले तेव्हा ब्लॅक पॉवरच्या माणसांनी त्यांच्या अंत्ययात्रेत ‘हाका’ हा माओरींचा पारंपरिक नाच केला. छाती बडवत, मांड्यांवर थापा मारत दिलेला तो निरोप माओरी माणूस वाटेल त्याला देत नाही.

पण 1980च्या दशकात अर्थधोरण फिरलं, त्या योजना बंद पडल्या आणि कारखानेही. ऑक्टोबर 1986 मध्ये हॉक्स बे मधला फाकातूचा मांस कारखाना बंद झाला, सुमारे 2 हजार कामगार घरी बसले, त्यात माओरी पुष्कळ. मॉबचा जन्म झाला तोच हा मुलूख. गिरणगाव पाहिलेल्यांना पुढचं सांगायची गरज नाही. बेकार बाप, त्याचा बेकार मुलगा, आणि मग बाजारात आलेला मेथचा, म्हणजे मेथॅम्फेटामाइन या अमली पदार्थाचा धंदा. मेथला तिथे नुसतं ‘पी’ म्हणतात. 2014 नंतर ऑस्ट्रेलियाने कायदा कडक करून न्यूझीलंडचे नागरिक असलेले गुन्हेगार परत धाडायला सुरुवात केली. त्यांच्याबरोबर ‘कोमांचेरो’, ‘मंगोल्स’ यांसारख्या श्रीमंत टोळ्या आल्या, त्यांची ब्रँडेड कपड्यांची, सोनेरी साखळ्यांची ऐट आली.

आणि याच गोष्टीत 2019 सालचा मार्च आहे. क्राइस्टचर्चच्या मशिदींत 51 माणसं मारली गेली, त्याच्या पुढच्या शुक्रवारी हॅमिल्टनच्या मशिदीत नमाज चालू असताना बाहेर पहाऱ्याला मंग्रेल मॉबची माणसं उभी होती. आतल्यांना निर्धास्तपणे प्रार्थना करता यावी म्हणून. तोंडावर गोंदलेल्या या माणसांची कालपर्यंत त्याच गावाला धास्ती होती.

2024च्या नोव्हेंबरमध्ये दोन गोष्टी घडल्या. 12 तारखेला पंतप्रधान क्रिस्टोफर लक्सन यांनी संसदेत उभं राहून त्या गृहांतल्या मुलांची देशाच्या वतीने माफी मागितली. नऊ दिवसांनी, 21 तारखेपासून सार्वजनिक जागी टोळीचा पॅच घालायला बंदी आली. 5 हजार डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि पॅच जप्त. पॅचच्या धाकात जगलेल्या वस्त्यांना याने हायसं वाटलं असेल, त्यांना कोण चूक म्हणेल? पण एकाच सभागृहाने नऊ दिवसांच्या अंतराने एकाच माणसाच्या बालपणाची माफी मागावी आणि त्या बालपणाने त्याला दिलेलं जाकीट उतरवून घ्यावं, हे माझ्या मनातून जात नाही.

बंदी मध्यरात्री लागू झाली. पहिली अटक झाली अवघ्या तीन मिनिटांनी. मोटारीच्या डॅशबोर्डवर टोळीची खूण ठेवलेला एक माणूस पोलिसांनी धरला. गाव होतं हॉक्स बे मधलं हेस्टिंग्ज.

कायद्यात गोंदणाचा समावेश नाही. गालावर, कपाळावर बुलडॉग गोंदवून घेतलेले म्हातारे आता साध्या शर्टात बाजारात फिरतात. त्यांच्यातल्या कुणाचं वय आज साठ-सत्तर असेल, तर एपुनीच्या त्या कुलूपबंद खोलीत त्याने पहिली रात्र काढली, तेव्हा त्याला ‘आई’ म्हणून हाक मारावीशी वाटण्याचंच वय होतं.

नमस्कार.