कोर्टात वाचलेला दशावतार

श्रोतेहो, नमस्कार. इंग्रजांच्या काळातल्या मुंबईत मुसलमान म्हणजे कोण? खोजे, मेमन, बोहरी, कोकणी मुसलमान. जमात वेगळी, रीत वेगळी. सरकारला मात्र नेमका रकाना लागायचा, आणि भांडण झालं की तो ठरवायचं कोर्ट. मौलवी नव्हे, जमात नव्हे, कोर्ट.

आता मुद्द्याचा किस्सा. साल १८६६, मुंबई हायकोर्ट. (आजची इमारत नव्हे हं, ती १८७८ची.) खोजांमध्ये जुंपली होती. इराणातून येऊन मुंबईत स्थायिक झालेले आगाखान, हसन अली शाह, म्हणत होते, मी तुमचा इमाम, म्हणजे पंथाचा प्रमुख; दसोंद, म्हणजे उत्पन्नातला धर्मासाठीचा दहावा हिस्सा, माझ्याकडे आली पाहिजे. काही बडे शेठ म्हणाले, कसले इमाम? आम्ही सुन्नी! आमचे निकाह सुन्नी काझी लावतो, मयताची नमाजही सुन्नीच पढवतो. तेव्हा जमातीच्या मिळकतीवर आगाखानांचा हक्क नाही.

न्यायमूर्ती होते जोसेफ आर्नोल्ड. चारच वर्षांपूर्वी वैष्णव महाराजांच्या, म्हणजे त्या पंथाच्या गुरूंच्या, बदनामीचा खटला, पत्रकार करसनदास मुळजींवरचा, ऐकायलाही हेच बसले होते. म्हणजे एकाच साहेबाने वैष्णवांचा धर्मही तपासला आणि खोजांचाही! आणि आपण शाळेत नुसते तह पाठ करतो. माझं मत विचाराल तर इतिहासाच्या पुस्तकातले निम्मे तह काढून तिथे खटले घालावेत. असो.

पुरावा म्हणून कोर्टात काय आलं? दशावतार! दहा अवतार तुम्हाला सांगायला नकोत. खोजांच्या दशावतारात नऊ अवतार विष्णूचेच; मत्स्य, कूर्म, वराह, सगळे आपल्या ओळखीचे. आणि दहावा? दहावा अवतार हजरत अली, पैगंबरांचे जावई आणि शियांचे पहिले इमाम! परंपरेने ही रचना खोजांचे धर्मप्रचारक पीर सद्रुद्दीन यांची. खोजा माणूस अखेरच्या घटका मोजू लागला, की त्याच्या उशाशी हाच दशावतार वाचत.

आर्नोल्डसाहेबांनी नेमकं हेच धरलं. अलीला अवतार मानणारी पोथी मरणाऱ्याच्या कानावर घालणारे लोक सुन्नी कसे? मग सुन्नी काझी कशाला बोलावत? तर जाच होऊ नये म्हणून शिया लोक आपला पंथ झाकून ठेवत, त्याला तकिय्या म्हणतात. १२ नोव्हेंबर १८६६ला निकाल लागला: खोजांचे पूर्वज हिंदू, पंथ शिया इमामी इस्माइली, म्हणजे शियांचीच एक शाखा, आणि इमाम आगाखान. पुन्हा सांगतो, विष्णूच्या अवतारांच्या पोथीवरून मुसलमानांचा पंथ ठरला, आणि ठरवला इंग्रज न्यायाधीशाने.

वेळ संपत आली, तेव्हा दुसरा खटला थोडक्यात. १८४७मध्ये खोजा मुलींनी बापाच्या इस्टेटीत कुराणाप्रमाणे वाटा मागितला. न्यायाधीश अर्स्किन पेरी म्हणाले, तुमची चाल हिंदूंसारखी, तीच चालणार. वाटा नाही. म्हणजे पंथ ठरवताना पोथी पाहिली, आणि मुलींच्या वाट्याची वेळ आली तेव्हा चाल! रूढी बाजूला सारून मुसलमानांना वारसाहक्कात शरियत लावणारा कायदा आला थेट १९३७मध्ये. त्यातूनही शेतजमीन वगळलेलीच होती.