व्हेज कोल्हापुरी आणि आपलं नाक

श्रोतेहो, महाराष्ट्राची हद्द ओलांडून हायवेवरच्या एखाद्या हॉटेलात बसलात, तर मेन्यूकार्डात 'व्हेज कोल्हापुरी' बहुधा सापडेलच. फ्लॉवर, गाजर, फरसबी, वाटाणा, वर लाल तवंग आणि शोभेला एक अख्खी सुकी मिरची. आज कोल्हापूरच्या या सभागृहात बसलेल्यांपैकी कुणाच्या घरी हा पदार्थ शिजतो? एकही हात वर नाही. मी सांगलीची, त्यामुळे शेजारधर्म पाळून बोलते: बाहेरच्या लोकांना कोल्हापूर म्हणजे तिखट, एवढंच ठाऊक असतं. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू घालून केलेला पांढरा रस्साही इथलाच, हे त्या मेन्यूकार्डाच्या गावीही नसतं.

पण त्या मेन्यूकार्डाची चेष्टा करायला मी आलेले नाही. संयोजकांनी 'आवडनिवड' असा मोघम विषय दिला, त्यातला मी नाक मुरडण्यापुरता भाग उचलते. ज्याला जे रुचतं ते त्यानं खावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दुसऱ्याच्या ताटाकडे बघून आपलं नाक वर जातं, तेव्हा आपण बहुतेक वेळा पदार्थाला नव्हे, तो खाणाऱ्याला नापास करत असतो.

सगळ्यात जास्त नाकं 'अस्सल'च्या नावाखाली मुरडली जातात. तेव्हा एकादशीपासूनच सुरुवात करू. साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची, हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. युरोपियन लोकांची जहाजं तिकडे जाऊन आली, त्यानंतर आपल्याकडे पोचलेले. खिचडीत इकडचं काय, तर तूप आणि सैंधव. आणि हळद, जी इथल्या मातीतली, ती मात्र उपासाला चालत नाही! मला यात काही वावगं वाटत नाही. चव लागली, पोटाला आधार झाला, देवाचीही तक्रार आली नाही. पण हीच खिचडी खाऊन उठलेला माणूस जेव्हा 'आमच्यात असलं बाहेरचं काही चालत नाही' म्हणतो, तेव्हा गंमत वाटते. वडापाव तर अगदी अलीकडचा. त्याचं श्रेय सहसा दादर स्टेशनबाहेर १९६६ साली गाडी लावणाऱ्या अशोक वैद्यांना दिलं जातं. पाव पोर्तुगीजांकडून आलेला, बटाटा परदेशी, आणि तरी वडापाव आमचाच. असू दे की.

आता मिसळ. इथं मला जपून बोलायला हवं.

कोल्हापुरातला कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, कसा होतो ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कांदा, सुकं खोबरं, तीळ भाजून वाटायचे, कांदा-लसूण चटणी तेलात परतायची, वाटण तेल सुटेपर्यंत हलवत राहायचं आणि मग पाणी. पातेल्यावर बोटभर तर्री येते. बशीत मटकी, त्यावर फरसाण, कांदा, कोथिंबीर, त्यावर कट, बाजूला लिंबाची फोड आणि ब्रेडच्या जाड स्लाइस. मिसळीचा खरा घास पहिला नसतोच. शेव अर्धी भिजलेली आणि अर्धी अजून कुरकुरीत असते, तो सगळ्यात चांगला. तो क्षण फार थोडा टिकतो, म्हणून मिसळ खाताना फोन उचलू नये, हे माझं ठाम मत आहे.

पुण्याला नारायण पेठेत १९४८ पासून बेडेकरांची मिसळ आहे. तिथं पोहे असतात, बटाट्याची भाजी असते आणि रस्सा गोडुसपणाकडे झुकतो. नाशिकला काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत पाव, पापड, दही आणि पुष्कळ ठिकाणी मळ्यातल्या झाडाखाली मांडलेली टेबलं. इकडचा माणूस पुण्याची मिसळ खाऊन म्हणतो, 'हे काय, वरण?' पुण्याचा माणूस इथं येऊन म्हणतो, 'तेल किती ते!' इथवर ठीक आहे. भांडायला मिसळीसारखा चांगला विषय नाही. मलाही मिसळीत दही पटत नाही, आणि पटणारही नाही. बिघडतं कधी? पुढचं वाक्य 'ह्यांना तिखट झेपत नाही, म्हणजे माणसंच मिळमिळीत', किंवा उलट बाजूनं 'हे असलं तिखटजाळ खाणारी माणसं रांगडीच असायची' असं येतं, तेव्हा मटकी बाजूला पडलेली असते आणि माणसांची प्रतवारी चालू झालेली असते.

कोण कुणाच्या हातचं खातो, यावर आपल्याकडे शतकानुशतकं माणसांची किंमत ठरली. हॉटेल नावाच्या गोष्टीनं त्याला धक्का दिला, म्हणून तर हॉटेलात खाणं हा बाटण्याचा प्रकार मानला जाई. या गावाला ते मी सांगायला नको. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांचं 'सत्यसुधारक हॉटेल' होतं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तर शाहू महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. महाराज देतायत तो कप नाही कोण म्हणणार! आज आपण एखाद्या कॅफेत जाऊन चहाच्या चवीवर पाच मिनिटं बोलतो. त्या हॉटेलातल्या चहाची चव कशी होती, हे कुणी लिहून ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही. तो प्याला कुणी, हेच सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

बायकांचं तर आणखीनच वेगळं. माझ्या वयाच्या मैत्रिणींना फॅमिली रूम आठवत असेल. बाहेर पुरुषांची बाकडी, आणि आत लाकडी पार्टिशन, मळका पडदा आणि घुमणारा पंखा असलेली खोली. बाहेर पाटी: 'फॅमिली रूमची सोय आहे'. एकटी बाई चहा प्यायला बसली तर वेटरही घुटमळायचा. मसाला डोशाची माझी आवड त्या पडद्याआड तयार झाली. डोसा चांगला होता की घराबाहेर बसून खायला मिळाला म्हणून चांगला लागला, ते आजही मला वेगळं करून सांगता येत नाही.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. तर मग एखाद्या सोसायटीत सुके बोंबील भाजून बघा. गच्चीवर सुकट वाळत घालून बघा. कमिटीकडे तक्रार 'वासाची' जाते. तळणीच्या तेलाचा वास मात्र कुणाला येत नाही, कारण तो 'आपला' वास असतो. घर भाड्यानं देताना आडनावाआधी 'नॉनव्हेज खाता का' हे विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याला आडनावाचंच उत्तर हवं असतं.

भाकरीचा प्रवासही बघण्यासारखा आहे. ज्वारीची भाकरी हे रोजचं, गरिबाचं खाणं. गव्हाची पोळी सणाला नाहीतर पाहुण्याला. १९७२ च्या दुष्काळात मिलो नावाची लाल ज्वारी आली, तिची भाकरी ज्यांनी खाल्ली त्यांच्यापुढे आजही नाव काढलं तर तोंड वाकडं होतं. मग घरोघरी पोळी आली आणि भाकरी खाणारा गावंढळ ठरला. आता संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, नाचणीला इंग्रजी नाव मिळालं आणि तीच भाकरी मोठ्या हॉटेलात पोळीपेक्षा महाग झाली. ज्वारी तीच. खाणारा बदलला.

जाणकारीचंही असंच. फ्रान्समध्ये बोर्दो इथं वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन ठेवली होती, बिनवासाचा लाल रंग घालून. तो प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. ही शिकणारी, तयारीची पोरं होती. नाकाच्या आधी डोळ्यांनी निकाल दिला. आणि जिभा तरी कुठे सारख्या असतात? १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एक पूड उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, कडू आहे. फॉक्सला काहीच लागेना. पुढे कळलं की ही चव लागणं न लागणं बरंचसं जन्मजात असतं. तेव्हा कारल्यावरून पोराच्या पाठीत धपाटा घालण्याआधी जरा थांबा. त्याला ते तुमच्यापेक्षा जास्त कडू लागत असेल.

मग चांगलं-वाईट असं काही नसतंच का? असतं. तिथं मी मुळीच सैल सोडणार नाही. पंजाबी म्हणवणाऱ्या पुष्कळशा हॉटेलांच्या भटारखान्यात सकाळी तीन पातेली चढतात: टोमॅटोची लाल ग्रेव्ही, काजू आणि मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) यांची पांढरी आणि कांद्याची तपकिरी. संध्याकाळी मेन्यूकार्डावरच्या चाळीस भाज्या या तीन पातेल्यांतून निघतात. लाल आणि तपकिरी एकत्र केली, वर मिरची टाकली की झाली तुमची व्हेज कोल्हापुरी. यात फसवणूक नाही, धंद्याची सोय आहे. भरल्या रविवारी दहा मिनिटांत भाजी टेबलावर यायची तर दुसरा मार्ग नाही. पण कांदा कच्चा राहिला असेल, काजूच्या जागी नुसता मगज असेल, कालची ग्रेव्ही आजच्यात ढकलली असेल, तर ते चुकीचंच. तिथं 'ज्याची त्याची आवड' हे उत्तर चालत नाही. आंबलेली ग्रेव्ही सगळ्यांनाच आंबट लागते. अशा वेळी आपण काय करतो? टेबलावर गप्प बसतो, बिल भरतो, बडीशेप खातो आणि घरी आल्यावर 'तिथं कसली माणसं जेवायला येतात कोण जाणे' म्हणतो. त्यापेक्षा वाटी तशीच ठेवून मॅनेजरला बोलवा आणि म्हणावं, एक चमचा तुम्ही खाऊन बघा.