सोन्यातून निघालेला पारा

मित्रहो, अक्षय्यतेचे नियम (प्रभार, ऊर्जा यांसारख्या राशी बदलात कायम राहतात हे सांगणारे) आणि अतिसंवाहकता (फार थंड केल्यावर पदार्थाचा विद्युत रोध नाहीसा होणे) हे दोन विषय आज मी एकत्र घेतले, ते पाऱ्याच्या एका नमुन्यामुळे. हा पारा खाणीतून आलेला नव्हता. सोन्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून तो तयार केला होता.

सोन्याच्या अणुकेंद्रकात ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन असतात. त्यात आणखी एक न्यूट्रॉन शिरला की वस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज, १९८ होतो. हे सोने टिकत नाही. तीन दिवसांच्या आतच त्यातले निम्मे अणू बदललेले असतात: एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि मागे पारा उरतो. आता जमाखर्च पाहा. केंद्रकाचा धन प्रभार एकाने वाढला, तर इलेक्ट्रॉन तेवढाच ऋण प्रभार घेऊन गेला. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून १९८ होते, ते १९८च राहिले.

ऊर्जेचा हिशेब मात्र बरीच वर्षे जुळत नव्हता. केंद्रकातून असा इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्याला बीटा ऱ्हास म्हणतात; त्यात इलेक्ट्रॉन कधी जास्त, कधी कमी ऊर्जा घेऊन निघतो. मग उरलेली जाते कुठे? भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर तर ऊर्जेच्या अक्षय्यतेवरच पाणी सोडायला तयार झाले होते. त्यांचे समकालीन वोल्फगांग पाउली यांनी नियम धरून ठेवला आणि १९३० मध्ये, कुणाला न दिसणारा एक कण ती ऊर्जा नेत असावा, असे सुचवले. तो कण, म्हणजे न्यूट्रिनो, प्रत्यक्ष सापडायला १९५६ उजाडले. पाउलींच्या त्या धाडसाचे मला आजही नवल वाटते.

आता आपल्या पाऱ्याकडे येऊ. अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये इमॅन्युएल मॅक्सवेल यांनी १९५० मध्ये तो थंड केला. नेहमीचा पारा सरासरी २००.६ वस्तुमानाचा, हा १९८चा, म्हणजे किंचित हलका. दोघांचे रसायन एकच. तरीही हलका पारा नेहमीच्या पाऱ्यापेक्षा सुमारे ०.०२ केल्विन वरच्या तापमानालाच अतिसंवाहक झाला. रटगर्स विद्यापीठातील गटालाही त्याच वर्षी हाच परिणाम दिसला.

एवढ्याशा फरकाने केवढी गोष्ट उघड केली! प्रवाह वाहतो इलेक्ट्रॉनांचा; मग केंद्रकाच्या वजनाशी त्याचा संबंध काय? संबंध आहे, कारण अणूंची स्फटिकजाळी थरथरते आणि हलका अणू अधिक वेगाने थरथरतो. त्या थरथरीतूनच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात, हे १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी मांडले. संक्रमण तापमान (ज्याला पदार्थ अतिसंवाहक होतो ते) वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, हा साधा नियम पाऱ्याला जवळजवळ लागू पडतो. रुथेनियममध्ये हा परिणाम जवळपास शून्य आहे, तर पॅलेडियम हायड्राइडमध्ये उलटा: हायड्रोजनच्या जागी जड ड्यूटेरियम घातला की तापमान चढते. म्हणून जोड्या थरथरीतूनच जमतात की नाही, याचा निकाल कुठल्याही पदार्थाबाबत या एका कसोटीवर लावू नये.

आता पुन्हा अक्षय्यतेकडे. मॅक्सवेल यांच्याच संस्थेच्या, नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या, अतिशीत प्रयोगशाळेत चिएन-शिउंग वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६च्या अखेरीस कोबाल्ट-६०ची केंद्रके एका दिशेला वळवून धरली. बीटा ऱ्हासातले इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या स्पिनच्या (त्याच्या स्वतःभोवतीच्या फिरकीसारख्या गुणधर्माच्या दिशेच्या) विरुद्ध बाजूला अधिक निघाले. आरशातल्या प्रतिमेत ते स्पिनच्याच बाजूला दिसले असते. पॅरिटीची, म्हणजे आरशातल्या प्रतिमेतही निसर्गाचे नियम तेच राहतात या सममितीची, अक्षय्यता तिथे मोडली. बीटा ऱ्हास घडवणाऱ्या बलाला क्षीण बल म्हणतात; सोन्याचा पारा होतानाही हेच बल काम करत होते. पण तिथली केंद्रके वाटेल त्या दिशेला तोंड करून होती, म्हणून इलेक्ट्रॉनांचा हा कल कुणाला दिसला नाही.