वेंडेन, 1577: पाच दिवसांची मारगिरी

ही गोष्ट लाटव्हियातल्या सेसिसच्या किल्ल्याची. जर्मन कागदपत्रांत याचं नाव वेंडेन. लिव्होनियन ऑर्डर या धर्मयोद्ध्यांच्या संघाचा प्रमुख इथे राहायचा. मुख्य किल्ला चौकोनी, मध्ये अंगण, बाहेर तटबंद आवारं. वॉल्टर फॉन प्लेटेनबर्ग प्रमुख होता 1494 ते 1535. त्याच्या काळात तोफांसाठी जाड भिंतींचे गोल बुरूज उठले. बुरुजांमधला तट मात्र जुन्याच धाटणीचा राहिला, उंच आणि सरळ. शिड्या लावणाऱ्यांना ही उंची अडवते. तोफ डागणाऱ्या गोलंदाजाला ती फायद्याची, कारण पाया फुटला की वरचं वजनच भिंत खाली ओढतं.

लिव्होनिया म्हणजे आजच्या लाटव्हिया-एस्टोनियाचा प्रदेश. त्यावरून रशिया आणि शेजारी सत्तांमध्ये लिव्होनियन युद्ध 1558 पासून चालू होतं. रशियाचा झार चौथ्या इव्हाननं 1570 मध्ये डेन्मार्कचा राजपुत्र मॅग्नस याला लिव्होनियाचा राजा केलं, अर्थात आपला मांडलिक म्हणून. 1577 मध्ये मॅग्नसनं परवानगीपेक्षा जास्त ठाणी घशात घातली, त्यात वेंडेनही होतं. इव्हान स्वतः फौज घेऊन आला. मॅग्नस माफी मागायला छावणीत गेला आणि अडकला. आतल्या शिबंदीला आता ना धनी होता, ना कुमक.

वेढ्यात तोफांचे मोर्चे बांधायची त्या काळची रीत अशी. रात्री खणायचं, विणलेल्या फांद्यांच्या उंच टोपल्या मातीनं भरून तोफांपुढे आड लावायची. तोफेखाली जाड फळ्या हव्यातच. नाहीतर प्रत्येक बार उडाला की मागे सरकणाऱ्या तोफेची चाकं चिखलात रुततात आणि नेम हलतो. बार झाला की नळीत ओला बोळा फिरवायचा. आत एक ठिणगी राहिली तरी नवी तोफेची दारू भरणाऱ्याच्या हातातच पेटते. मग पायथ्याशी एका ओळीत गोळे टाकत राहायचं, दगड सैल होईपर्यंत. एकेका गोळ्यानं तट पडत नाही. एकाच जागी सतत मारल्यानं पडतो.

वेंडेनवर अशी मारगिरी पाच दिवस चालली. खिंडारं पडली, ती बुजवायला माणसं पुरेनात. शरण गेल्यावर काय होतं, हे झारनं आधी घेतलेल्या ठाण्यांवरून आतल्यांना ठाऊक होतं. सुमारे 300 जण, त्यात बायका आणि मुलंही, पश्चिमेकडच्या इमारतीत जमले. समकालीन बखरीनुसार दारूची चार पिंपं तिथे ठेवून बत्ती दिली गेली.

बंद खोलीत दारू उडाली की दाब कमजोर बाजू शोधतो. इथे खालची जमीन गेली. 1974 च्या उत्खननात या भागातली दोन तळघरं उघडली, तेव्हा दगडांखाली मोठ्यांचे आणि मुलांचे सांगाडे सापडले, काहींच्या अंगावर दागिने होते. सर्वांत अलीकडची नाणी 1577 ची. एवढ्या नेमक्या तारखेचा पुरावा वेढ्याच्या जागी क्वचितच मिळतो. शेजारचा पश्चिम बुरूज मात्र उभा आहे.

त्याच हिवाळ्यात किल्ला रशियनांच्या हातून निसटला. 1578 च्या शरद ऋतूत त्यांनी पुन्हा वेढा घातला. तट तोच, आणि आदल्या वर्षी फुटलेला. पण या वेळी पोलिश आणि स्वीडिश फौजा एकत्र धावून आल्या. 21 ऑक्टोबरला रशियन घोडदळ पळालं, तोफा मोर्च्यांतच राहिल्या. गोलंदाजांनी त्या सोडल्या नाहीत. बखरी सांगतात, शत्रू पोचला तेव्हा त्यांनी आपल्याच तोफांना गळफास लावून घेतले होते.